बारा नंबरचा बूट

अण्णांनी माहितीपत्रकातला पहिला शब्द वाचला आणि ते तिथंच थांबले. अण्णा म्हणजे माझे वडील. सरकारी कचेरीत हेडक्लार्क, आणि दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका लाल शाईनं दाखवण्यात आयुष्य गेलेलं. ‘टेक्स्टाइल, शिवणकाम व पादत्राणे या व्यवसायांचे प्राथमिक प्रशिक्षण’ असं त्या पत्रकावर छापलं होतं. त्यातला टेक्स्टाइल हा शब्द त्यांना इतका भावला की पुढचं वाचायची त्यांना गरजच वाटली नाही. एस.एस.एल.सी.ला, म्हणजे मॅट्रिकला, दोनदा आपटलेल्या मुलाविषयी चारचौघांत सांगता येईल असा शब्द त्यांना हवाच होता. “टेक्स्टाइलला घातलंय त्याला,” असं ते चिक्कपेठेतल्या आमच्या गल्लीत दिसेल त्याला सांगत सुटले. मी पत्रक पूर्ण वाचलं होतं, पण मी गप्प बसलो.

गप्प बसण्यात आमचं घर तरबेज होतं. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या फौजेबरोबर बंगलोरात आले याचा घरात मोठा दिमाख होता. त्या फौजेत आमचा पूर्वज नेमकं काय करत होता, हे मात्र कुणी विचारायचं नाही. तो सामानाच्या बैलांमागून चालत आला असावा असा माझा अंदाज. पण सोवळं, संध्या आणि नाक मुरडणं या तीन गोष्टी त्यानं न सांडता इथवर आणल्या आणि आम्ही त्या जपल्या.

वर्ग यशवंतपूरला भरायचा, मालधक्क्याच्या पलीकडे, एका जुन्या पत्र्याच्या गोदामात. मी सायकलवरून जायचो. आम्ही वीसेक जण होतो, सगळे अठरा-वीस वर्षांचे आणि बहुतेक सगळे शाळेनं हाकललेले. सहा आठवडे विणकाम, सहा आठवडे शिवण, सहा आठवडे बूट. मग प्रत्येक विभागात परीक्षेसाठी केलेली वस्तू बघून साहेब ज्याला त्याला एकेक धंदा नेमून देणार आणि वर्षभर तो त्याच धंद्यात शिकणार, अशी योजना होती. साहेब म्हणजे वर्गाचे प्रमुख. टाय बांधून यायचे आणि पत्र्याखाली घामानं निथळायचे. पहिल्या दिवशी त्यांनी भाषण केलं. “इथं नाव नाही, गाव नाही, जात नाही. इथं फक्त नंबर. तुमचा हात सांगेल तो तुमचा धंदा.” आम्हाला पत्र्याचे बिल्ले मिळाले. माझा नंबर अकरा. नाव, गाव आणि जात लिहिलेला अर्ज साहेबांच्या टेबलावर फायलीत बांधलेला होताच.

विणकामाचे सहा आठवडे आठवले की अजून हसू येतं. माग होता, पण त्यावर सूत नव्हतं. सूत मंजूर व्हायचं होतं. तोवर आम्ही रिकामा धोटा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फेकत बसलो. परीक्षाही तशीच झाली. धोटा न पाडता फेकला तो पास. मग शिवण आली. तिथं सूत होतं, कापड नव्हतं. आम्ही जुन्या वर्तमानपत्रांचे सदरे बेतले. टेपच्या एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला नव्यानं आलेले सेंटिमीटर. शिवणाच्या मास्तरांना दोन्ही सारखेच परके. मी बेतलेल्या पहिल्या सदऱ्याचा गळा म्हशीला सैल बसला असता. परीक्षेसाठी म्हणून शेवटी खरं मांजरपाट आलं, तेव्हा मी पहिलीच कात्री तिरकी चालवली. मला शिवण येत नव्हती, येणारही नव्हती, हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

बारा नंबर माझ्या शेजारी बसायचा. तो निपाणीकडचा. मराठी ऐकून मी त्याच्याशी बोलायला गेलो, तर पहिल्याच वाक्याला त्यानं मला ‘तू’ म्हटलं. मला ते झोंबलं. का झोंबलं हे सांगायला नको. वर्गातल्या इतरांनी ‘तू’ म्हटलेलं मला चालत होतं. पण त्याचे वडील वहाणा बांधतात हे दोन दिवसांत सगळ्यांना कळलं होतं. फायलीतल्या गोष्टी गोदामभर पसरायला तिथं वेळ लागत नसे.

त्याला शिंपी व्हायचं होतं. दुसरं काही नाही, फक्त शिंपी. गावातल्या एका शिंप्यानं त्याला लहानपणापासून दुकानाच्या मागच्या पायरीवर बसवून बटणांची काजं करायला लावली होती. पुढच्या बाजूला येऊ द्यायचा नाही, कारण गिऱ्हाइकांनी बघितलं असतं तर कापड परत नेलं असतं. “सगळ्या गावाच्या छातीवर माझी काजं हाईत,” तो म्हणायचा, “पण माझ्याकडनं माप कोण घेऊन घेणार? अंगाला हात लागतोय की.” म्हणून तो इथं आला होता. सरकारी शिक्क्याचा कागद मिळाला की तो काचेत घालून भिंतीवर लावायचा, बंगलोरातच कुठंतरी मशीन टाकायचं, इथं कोण कुणाला विचारतंय, असा त्याचा बेत होता. निपाणीला परत जायचं नाही आणि चामड्याला हात लावायचा नाही, या दोन गोष्टी त्यानं घरातून निघतानाच ठरवल्या होत्या.

त्याची काजं बघण्यासारखी होती. दोऱ्याला मेण लावायचा, टाका घालायचा आणि गाठ अशी ओढायचा की सगळ्या गाठी एका रेषेत बसायच्या. काजाची दोन्ही टोकं सारखी. शिवणाचे मास्तर ते बघायचे आणि पुढं सरकायचे. माझ्या परीक्षेच्या शर्टाला काजं करायची वेळ आली तेव्हा मी पहिल्याच काजात कापड फाडलं. त्यानं थोडा वेळ बघितलं, मग शर्ट माझ्या हातातून ओढून घेतला. “आण इकडं. बघवत नाही मला.” त्यानं ती फाटकी जागा बेमालूम सावरली आणि सहाच्या सहा काजं करून दिली. त्याबद्दल त्यानं काही मागितलं नाही. मी आभारही मानले नाहीत. मला वाटलं, एवढं तर तो करणारच.

मग बुटांचा विभाग सुरू झाला. पहिल्या दिवशी मी तोंडाला रुमाल लावून बसलो. बुटांचे मास्तर म्हातारे होते, कुठल्यातरी लष्करी कारखान्यात आयुष्य घालवून आलेले. त्यांनी पायाच्या आकाराचा लाकडी फर्मा मांडीत धरला, त्यावर वरचं चामडं टाकलं, आणि मूठभर बारीक खिळे तोंडात टाकले. एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात हातोडी. पकडीनं चामडं ओढायचं, ते सुटायच्या आत खिळा ठोकायचा. खिळा घ्यायला तिसरा हात नसतो, म्हणून तो तोंडात. जीभ त्याला फिरवते, डोकं बाहेर काढते, ओठांवर आणून ठेवते. मला शिसारी आली. मी माझे खिळे एका करवंटीत काढून शेजारी ठेवले. मास्तरांनी बघितलं आणि करवंटी लाथेनं उडवली. “तोंडात नाही घेत तर देवळात जा, घंटा वाजव,” ते त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले. वर्ग हसला.

मी खिळे तोंडात घेतले. लोखंडाची चव, चामड्याची चव, आणि कुणाकुणाच्या हातांची. ज्या तोंडानं सकाळी संध्या केली होती त्याच तोंडानं. आभाळ काही कोसळलं नाही. आणि तिसऱ्या दिवशी एक गोष्ट झाली जिच्यासाठी मी मुळीच तयार नव्हतो. मला ते जमायला लागलं. पकडीला चामडं किती ताणतंय हे माझ्या मनगटाला आपोआप कळायचं. बुटाच्या पुढच्या टोकाशी चामड्याच्या चुण्या पडतात, त्या एकेक करून दाबत सपाट करायच्या, हे सगळ्यात अवघड काम. भल्याभल्यांचं तिथं पोतं व्हायचं. माझ्या हाताखाली त्या चुण्या मुकाट बसायच्या. अठरा वर्षांत एखादी गोष्ट मला पहिल्यांदाच येत होती, आणि ती नेमकी ही. मला भयंकर आनंद झाला आणि त्या आनंदाची तितकीच किळस आली.

घरी मागच्या दारी आई घागर घेऊन उभी असायची. “स्वल्प थांब रे, कशालाही शिवू नकोस, तिथंच उभा राह,” असं आमच्या घरच्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणत डोक्यावरून पाणी ओतायची. वास कसला असं तिनं एकदा विचारलं. सुताला खळ लावतात तिचा, असं मी सांगितलं. अण्णा आतून म्हणाले, “टेक्स्टाइलला वास असतोच, सरी ना? मोठमोठ्या गिरण्यांतही असतो.” आयुष्यात एकही गिरणी न बघितलेला माणूस किती ठामपणे बोलू शकतो हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. ते खरोखर फसले होते की फसून घेत होते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बारा नंबर त्या विभागात नुसता बसून असायचा. हत्यारं पुढ्यात, हात मांडीवर. मास्तरांचं त्याच्याकडे लक्ष नसायचं, कारण त्यांचा अर्धा दिवस साहेबांच्या घरच्यांच्या चपला करण्यात जायचा. परीक्षेला प्रत्येकानं उजव्या पायाचा एक बूट करायचा होता. दहा दिवसांची मुदत. पाच दिवस गेले तरी त्यानं चामडं कापायची रापी उचलली नाही. बूट दिलाच नाही तर सगळ्या परीक्षेतूनच नाव कटणार होतं, म्हणजे शिवणही गेली. सहाव्या दिवशी तो माझ्याकडे आला. “माझा पण बूट तू कर. पाय आत जाईल एवढा झाला की बास. पण एक सांगतो, बरा करू नको. ऐकलास? बरा झाला तर हे मला इथंच डांबतील.”

मी हो म्हटलं. मला स्वतःलाही वाईट बूट करायचाच होता. माझा बूट बरा झाला असता तर मला वर्षभर चामड्यात बसवलं असतं, आणि मग खळीच्या वासाची गोष्ट कुठवर चालली असती? तेव्हा ठरलं ते असं. दोन बूट, दोन्ही वाईट.

अकरा नंबरचा मी आधी केला. मुद्दाम वाईट काम करायला फार कष्ट पडतात. चामडं तिरकं ओढलं, पुढच्या टोकाशी चुण्या तशाच राहू दिल्या, टाचेतला एक खिळा आत डोकावेल असा ठोकला. माझ्या हातातून आजवर निघालेली एकमेव बरी गोष्ट मी माझ्याच हातानं घाण केली होती आणि ती माझ्या नंबराखाली टेबलावर जाणार होती.

मग बारा नंबरचा हातात घेतला. पहिला खिळा वाकडा ठोकायचा म्हणून हात उचलला आणि तो सरळ बसला. मी तो उपटून काढायला हवा होता. काढला नाही. दुसराही सरळ ठोकला. हाताला आवरलं नाही असं मी पुढं स्वतःला बरेच दिवस सांगत आलो, ते खोटं आहे. हात माझा होता आणि डोकंही ठिकाणावर होतं. मला हवं होतं की माझा एक तरी बूट त्या टेबलावर असावा. नाव दुसऱ्याचं असलं तरी चालेल. मास्तरांनी तो हातात घेऊन फिरवून बघावा, आणि मी बाजूला उभा राहून ते बघावं. चार दिवस मी जीव ओतून तो बूट केला. टोकाशी एक सुरकुती ठेवली नाही. बाटलीच्या बुडानं घासून तळाची कड चकाकवली. बारा नंबरला दाखवला नाही. “झाला,” एवढंच सांगितलं, आणि त्याच्या नंबराची चिठ्ठी बांधून ठेवून दिला.

नेमणुकीच्या दिवशी लांब टेबलावर सगळ्या वस्तू मांडल्या होत्या. साहेब एकेक उचलायचे, नंबराची चिठ्ठी बघायचे, मग फायलीत बघायचे, मग धंदा सांगायचे. बारा नंबरच्या बुटाशी ते थांबले. आत हात घातला, टोकावरून अंगठा फिरवला. “याला म्हणतात परंपरा,” ते म्हणाले. “हे शिकवून येत नाही. रक्तातच असावं लागतं.” मला आधी काय वाटलं ते सांगतो. मला अभिमान वाटला. छाती भरून आली. साहेबांना खिळ्याची दिशा कळत नव्हती, तरी त्यांनी केलेली स्तुती मी अधाशासारखी पिऊन घेतली. त्यानंतर मला बारा नंबरची आठवण झाली.

तो टेबलावरच्या बुटाकडे बघत होता. मग पुढं आला. “साहेब, हा बूट मी केलेला नाही.”

“मग कुणी केला?” साहेबांनी शेजारचा बूट उचलून वर धरला, चुण्या पडलेला, वाकडा. “ह्या अकरा नंबरनं?”

सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसलो. बुटांचे मास्तर हसले नाहीत. सहा आठवडे त्यांनी माझा हात बघितला होता, त्यांना तो ओळखू आलाच असणार. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तपकिरीची डबी काढली. त्यांनी मला वाचवलं असं मला तेव्हा वाटलं. मला वाचवायला तिथं सगळेच तयार होते.

बारा नंबर हटला नाही. “मला शिवणाला घाला साहेब. माझी काजं तरी बघा.” साहेबांनी उदारपणे दोन शर्ट पुढं ओढले, अकरा आणि बारा. चष्मा नाकावर चढवला. “बरी आहेत तुझी. पण ही अकरा नंबरची बघ. किती नाजूक हात!” दोन्ही शर्टांवरची काजं एकाच हाताची, एकाच आठवड्यात, एकाच रिळातल्या दोऱ्यानं केलेली. टाय बांधलेल्या त्या गाढवाला ती वेगवेगळी दिसली. बारा नंबरनं माझ्या शर्टाकडे पाहिलं, मग साहेबांकडे. एका वाक्यात त्याला माझं सोंग उघडं पाडता आलं असतं. तो माझ्याकडे वळलासुद्धा नाही. मी बोलेन म्हणून तो वाट बघत होता, आणि ते मला त्याच्या पाठीवरूनही कळत होतं. एवढंच म्हणायचं होतं की तो बूट माझा आहे आणि ही काजं त्याची आहेत. मला आईची घागर दिसली, अण्णांचं तोंड दिसलं, आणि मी बिल्ल्याशी चाळा करत उभा राहिलो. साहेबांनी फायलीत लिहिलं, अकरा शिवण, बारा पादत्राणे.

पुढं मी वर्षभर शिवण शिकलो आणि ती मला आली नाही. मग एका गिरणीच्या कचेरीत कारकून झालो, म्हणजे अण्णांचं टेक्स्टाइल खरं ठरलं आणि ते समाधानानं गेले.

त्या दिवशी मात्र वर्ग सुटायच्या आधीच तो बाहेर पडला. पिशवी खांद्याला होती. मी सायकल ढकलत त्याच्यामागं गेलो. स्टेशनाच्या रस्त्यावर त्याला गाठलं तेव्हा मला धाप लागली होती. वाटेत मी बोलायचं काय ते जुळवून ठेवलं होतं, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटत होतं.

“हे बघ,” मी म्हटलं, “बूट कसाही असता तरी त्यांनी तुला तिथंच घातलं असतं. फाइल बघूनच ठरलेलं होतं ते.”

तो थांबला. रागावलेला दिसला नाही. थोडा विचार केल्यासारखं करून त्यानं मान हलवली.

“होय की,” तो म्हणाला. “पण मग ते त्यांनी केलं असतं.”